पंधरा ओळींची चूप

"हाये का कोनी तापाचं?"

माझ्या दुकानाच्या दारात उभं राहून भाऊ हेच विचारायचे. नमस्कार नाही, काय चाललंय नाही. दुकान टायपिंगचं आणि पुस्तकांच्या जुळणीचं, अकोल्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. तिथं तापाचं कोण असणार? फार तर प्रतिज्ञापत्राला उशीर झाला म्हणून तापलेला एखादा वकील. पण भाऊंनी उभी नोकरी मलेरिया खात्यात काढलेली. भातकुलीपासून पातूरपर्यंत बदल्या होत गेल्या आणि काम सगळीकडे एकच. दारात उभं राहायचं, विचारायचं, आतून 'नाही' आलं की भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची आणि पुढचं दार गाठायचं. 'या' म्हटलं तरच उंबरा ओलांडायचा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी मी "या भाऊ" म्हणेपर्यंत ते दुकानात पाय टाकायचे नाहीत. कधी कधी मी मुद्दाम काम करत बसायचो आणि बघायचो. ते उन्हात उभे राहायचे. महा हट्टी माणूस.

आत आले की पहिलं काम म्हणजे समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघणं. "रक्त कमी हाये तुह्यात." मग तो मी असो, गिऱ्हाईक असो की पोस्टमन असो. अमरावतीला त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात त्यांनी अध्यक्ष असलेल्या प्राध्यापकांची पापणी व्यासपीठावर ओढली आणि माइकसमोरच सांगितलं, "सर, पालक खात जा." प्राध्यापक मागाहून बोलले ते सगळं रागानं बोलले.

हो, सत्कार. भाऊ लेखक होते हे सांगायचं राहिलं. खरं तर ते स्वतःला लेखक म्हणवत नसत. "मी नोंद ठेवतो," म्हणायचे. चार पुस्तकं. चारही जिवंत माणसांची, आपल्या फिरतीच्या गावांत भेटलेल्या माणसांची. एक रेल्वेचा गँगमन, एक आठवडी बाजारात विड्याची पानं विकणारे म्हातारबुवा, एक सुईण आणि एक पिठाची गिरणी चालवणारी बाई. बोली वऱ्हाडीच. चारही पुस्तकांची जुळणी मी केली. एकेका पुस्तकाची बारा-बारा, चौदा-चौदा मुद्रितं तपासून परत यायची, लाल पेन्सिलीनं भरलेली. माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांना द्यायला गेलो होतो, तीसुद्धा त्यांनी तपासून परत दिली आणि लग्नाला आले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "दुरुस्त करून छापली असती तर आलो असतो." असल्या माणसाशी वीस वर्षं संबंध कसा टिकला याचं आमच्या घरी अजून आश्चर्य करतात.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या चुपेबद्दल. 'चूप' या शब्दाचं त्यांनी नामच करून टाकलं होतं.

त्यांची पद्धत अशी. एखाद्या माणसाशी वर्षा-दोन वर्षांची ओळख झाली, त्यानं आपलं सगळं सांगितलं, की भाऊ ते लिहून काढायचे. कागदाच्या एकाच बाजूला, पेन्सिलीनं. लिहून झालं की ते बाड घेऊन पुन्हा त्याच दारात. ओट्यावर बसून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचं. आठ-आठ दिवस चालायचं ते. वाचताना ज्या ठिकाणी ते माणूस म्हणेल, "हे नको," त्या ठिकाणी भाऊ थांबायचे, पिशवीतून कात्री काढायचे, तेवढा तुकडा कागदातून कापायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. "घ्या, तुमचं तुमच्यापाशी." बहुतेक जण तो तिथंच चुलीत टाकायचे. दुसरी प्रत नसायची. कशाला नको, असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

मग ते बाड माझ्याकडे यायचं, पानोपानी चौकोनी भोकं पडलेलं. पहिल्यांदा, सुईणीच्या पुस्तकाच्या वेळी, मला वाटलं उंदरांनी खाल्लं.

"भाऊ, इथचा मजकूर?"

"नाही तो."

"मंग खालच्या ओळी वर घेतो."

"अजिबात नाही. मोज ते भोक. किती ओळी बसतीन?"

मी फूटपट्टी लावली. "चार."

"मंग चार ओळीची चूप दे."

"पन काहून? रिकामी जागा खराब दिसते, भाऊ."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी कोणाच्या घरात न विचारता शिरलो आहे. "तिनं सांगतलं होतं नं मले? सांगतलं म्हंजे ते घडलं. नको म्हटलं म्हून ते घडलंच नाही असं होते का? जागा तिची हाये, बाप्पा. ओढून घेऊ नको."

मी चार ओळींची जागा सोडली. त्यानंतर वीस वर्षं सोडत आलो.

लोकांना ही गोष्ट कधी समजली नाही. मूर्तिजापूरच्या एका वाचनालयानं सुईणीच्या पुस्तकाची प्रत 'सदोष छपाई' असा शेरा मारून परत पाठवली. एका समीक्षकानं लिहिलं की ही कोरी जागा म्हणजे वंचितांचा मूक आक्रोश आहे. त्या अमरावतीच्या सत्कारात कोणीतरी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, टाळ्या पडल्या. भाऊ उठले, माइक हातात घेतला, म्हणाले, "आक्रोश गिक्रोश काही नाही. बाईनं नको म्हटलं." आणि बसले. इतकंच त्यांचं सत्काराला उत्तर.

मी त्यांना खोदून विचारलं नाही असं नाही. जुळणी करणाऱ्याला रिकामी जागा भरायचा चाळा असतो. चारही पुस्तकांतली सगळ्यांत मोठी चूप गिरणीवाल्या बाईंच्या पुस्तकात होती, पंधरा ओळींची. पुस्तकातली हकीकत अशी की बाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी सकाळी मूर्तिजापूर स्टेशनला जातात. मग पंधरा ओळी कोऱ्या. त्यानंतरचं वाक्य: 'दुसऱ्या दिवशी गिरनी आपल्या टायमाले सुरू झाली.' धाकटी बहीण पुढच्या पानांत कुठंच नाही. दोन जणी गेल्या, एक परत आली. मध्ये काय झालं ते बाईंनी भाऊंना सांगितलं होतं, भाऊंनी लिहिलं होतं, आणि तो तुकडा बाईंनी स्वतःच्या हातानं चुलीत टाकला होता. मी किती वेळा विचारलं. चहा पाजून विचारलं, चिडवून विचारलं. एकदा तर म्हटलं, "भाऊ, तुमाले तरी आता आठवते का?"

"आठवते."

"मंग सांगा नं."

"तुले ताप हाये का?" म्हणाले आणि माझी पापणी ओढली.

आता माझी पाळी. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच, भाऊंच्या गमतीजमती सांगायला नाही.

गल्लीतल्या धंद्यात दम राहिला नव्हता. टायपिंग आता जो तो आपल्या मोबाइलमध्ये बोलून करतो. मी बाहेरच्या एका कंपनीचं काम घेतलं. जुनी मराठी पुस्तकं मोबाइलवर वाचता-ऐकता येतील अशी करून द्यायची. गिरणीवाल्या बाईंच्या पुस्तकासाठी मीच भाऊंच्या मागे लागलो. म्हटलं, चारशे प्रती छापल्या, दीडशे तुमच्या दिवाणाखाली आहेत, कोण वाचणार? मोबाइलवर येऊ द्या, नातवंडं ऐकतील. ते आठ दिवस आले नाहीत. मग दारात उभे. तापाचं विचारलं नाही. म्हणाले, "एकच सांग. तिथं चूप राहीन नं?"

"राहीन, भाऊ."

"पक्कं?"

"पक्कं. माह्या हातानं करून रायलो नं मी."

त्यांनी करारावर सही केली. वाचून नाही केली. लग्नाची पत्रिका तपासणारा माणूस, अकरा पानांचा करार न वाचता सही करून गेला, कारण मी पक्कं म्हणालो होतो. त्या करारात एक कलम होतं, की वाचकांच्या सोयीसाठी मजकुरात यंत्राच्या मदतीनं सुधारणा करता येतील. मी ते वाचलं होतं. मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ.

कंपनीच्या त्या पडद्यावर प्रत्येक पान चढवलं की एक प्रश्न यायचा: पानावरील मजकूर पूर्ण आहे की गहाळ? 'पूर्ण' म्हटलं की यंत्र रिकामी जागा मिटवून खालच्या ओळी वर ओढून घ्यायचं. मी दोन पानं करून बघितली, चूप सपाट. 'गहाळ' म्हटलं की जागा जशीच्या तशी राहायची. म्हणून मी 'गहाळ' वर खूण केली. अकरा ठिकाणी. जागा राहावी म्हणूनच केली, हे मी देवाशपथ सांगतो. पण खाली 'शेरा' म्हणून एक रकानाही होता. तिथं मला एक ओळ लिहिता आली असती, की जागा मुद्दाम सोडली आहे, हात लावू नये. अकरा वेळा तो रकाना माझ्यासमोर आला आणि अकरा वेळा मी तो तसाच सोडला. घाई होती म्हणा, कंटाळा म्हणा. आज विचार करतो तेव्हा दोन्ही शब्द तोंडात कडू लागतात.

पुस्तक मोबाइलवर आलं त्या दिवशी मी भाऊंना पेढे दिले. उघडून दाखवलं, मुखपृष्ठ, पहिलं प्रकरण. कोरी पानं काही आम्ही बघितली नाहीत. कोरं पान कोण बघतं?

दोन महिन्यांनी भाऊ सकाळीच आले. दार उघडंच होतं. आणि ते न विचारता आत आले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांच्या हातात त्यांच्या सुनेचा मोबाइल होता. "लाव," म्हणाले. मी लावला. एक बाईचा आवाज, गोड, स्वच्छ, पुण्याकडच्या बातम्यांसारखा, भाऊंचं पुस्तक वाचत होता. बाई होती कुठं त्यात म्हणा, यंत्रच. 'आमी दोघी बहिनी मूर्तिजापूरले गेलो' हे त्या आवाजात असं वाटत होतं, जसं कोणी परक्याचं लुगडं नेसून बसलं आहे. आणि त्या वाक्यानंतर आवाज थांबला नाही. पुढं गेला.

'स्टेशनच्या बाकावर बसून धाकटीने अखेर मोठीला सत्य सांगितले. तिच्या पोटात वाढणारे बाळ मोठीच्याच पतीचे होते. मोठीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने धाकटीच्या हातात तिकीट ठेवले आणि मागे वळून न पाहता ती चालू लागली…'

पंधरा ओळी. बरोब्बर पंधरा. एकही अशुद्ध शब्द नाही. यंत्रानं मागची-पुढची पानं वाचून, असल्या शंभर कादंबऱ्या पचवून, मध्ये काय असावं याचा अंदाज बांधला होता आणि तो अंदाज बाईंच्या नावावर, भाऊंच्या नावाखाली ठेवून दिला होता. बाकीच्या दहा ठिकाणीही तसंच. गिरणीवाल्या बाईंचा नवरा मरून जमाना झाला होता. गावात त्याचं नाव चांगलं होतं. धाकटी कुठं होती, होती की नव्हती, ते बाईंनाच ठाऊक.

"त्यायले कसं समजलं, का इथं काही होतं म्हून?" भाऊंनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. दुसऱ्या कोणाला विचारायचाच नव्हता. मी मोबाइलकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "मशीनच शोधून काढते, भाऊ. आपोआप."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांची ती जुनी खोड.

"आपुन दारात उभं राहून इचारतो," ते म्हणाले. "ताप हाये का. नाही म्हटलं तर तारीख लिवतो अन् पुढं जातो. हे बह्याड न इचारता घरात घुसलं, अन् ताप नसनाऱ्याले गोळी देऊन आलं. आता उतरवा." त्यांना सबंध दिवस दुसरं काही सुचेना. दुपारी वकिलाकडे नेलं, समोरच्याच गल्लीतल्या. तो म्हणाला, केस लावता येईल, पण कोर्ट पहिल्यांदा हेच विचारेल, की तिथं खरं काय होतं? भाऊ उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे निघाले. भातकुलीकडचं गाव, अमरावतीला गाडी बदलायची. मला म्हणाले, "चाल माह्यासंग. तुले मशीनचं समजते. तिले समजावून सांग."

मी म्हटलं, शाळांच्या निकालपत्रकांचं काम अंगावर आहे. काम होतं, पण अंगावर नव्हतं. मला भीती वाटली. तिथं कोणी विचारलं असतं, की यंत्राला खूण कोणी केली, तर? भाऊंसमोर? मी गेलो नाही. ते एकटेच गेले, पिशवीत छापील पुस्तक घेऊन.

तिथं काय झालं ते त्यांनी मला एकदम सांगितलं नाही. पुढच्या महिना-दीड महिन्यात, चहाच्या कपागणिक एक-एक तुकडा सांगत गेले. मी ते जुळवलं, शेवटी माझा धंदाच तो.

बाईंच्या दारात उभं राहून त्यांनी नेहमीसारखं विचारलं. आतून ना 'या' आलं ना 'नाही'. पंधरा-वीस मिनिटं ते उभे होते. शेजारच्या ओट्यावरच्या बाया बघत होत्या आणि आपसात हसत होत्या. मग बाई आल्या आणि उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या घरात, हात अजून पिठासारखे पांढुरके. बाईंच्या नातसुनेनंच कौतुकानं मोबाइल लावला होता, आजीचं पुस्तक आलं म्हणून सगळ्या आळीला बोलावून. बाई मधोमध बसल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी ओट्यावर ऐकलेलं त्यांना पाठ होतं. कुठं भाऊंचा आवाज थांबायचा तेही पाठ होतं.

"जिथं तुमी चूप बसले होते भाऊ," बाई म्हणाल्या, "तिथं ते बोलतच गेलं. समद्या आळीसमोर."

भाऊंनी सांगितलं, मी लिहिलं नाही. यंत्रानं लिहिलं.

"मशीनले कोनं सांगतलं?"

भाऊंनी पुस्तक काढलं, ते पान उघडलं, कोरी जागा दाखवली. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि पुस्तक परत दिलं. "कोरं पान तं कोनीबी दाखवते. तो कागद म्या माह्या हातानं चुलीत टाकला होता. चुलीतून कसा निंगाला तो?"

"तो नाही हाये, बाई. ते खोटं हाये समदं."

"खोटं हाये का खरं हाये, ते तुमाले अन् मलेच मालूम. तिसऱ्या कोनाले मालूम होतं? सांगा."

"कोनालेच नाही," भाऊ म्हणाले. खरं तेच होतं. आणि त्या खऱ्यानंच त्यांचा निकाल लागला. बाईंनी दार लावलं नाही, शिवी दिली नाही. नातसुनेला हाक मारून म्हणाल्या, "त्यायले पानी दे. उन्हाचे आले." भाऊ पाणी प्याले आणि परत आले.

मी त्यांच्यासाठी एकच केलं. कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं दोन मिनिटांत. आपल्या भावना आम्ही समजतो, कृपया 'चूक कळवा' या ठिकाणी नोंद करावी. खाली एका मुलीचं नाव. तीसुद्धा यंत्रच असावी. ते पान उघडलं. वरच्या रकान्यात चुकीचा परिच्छेद आपोआप आला. खालचा रकाना: 'योग्य मजकूर'. मी तो रिकामा ठेवून पुढं पाठवायला गेलो, लाल अक्षरं आली: हा रकाना भरणे आवश्यक आहे.

भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होते. बऱ्याच दिवसांनी हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

"म्हंजे खोटं मिटवाचं असन तं खरं सांगा लागते."

"काहीतरी लिहा, भाऊ. दुसरं काहीबी. निदान हे तं जाईन."

"म्हंजे मशीनचं खोटं काढून माहं खोटं टाकू?" मग म्हणाले, "लिव. इथं काही नाही. बाई नको म्हनते."

तेवढंच लिहून पाठवलं. आठ-दहा दिवसांनी 'आपली सूचना स्वीकारली आहे' असा निरोप आला. आम्ही उघडून बघितलं. परिच्छेद तोच होता, नुसता एका वाक्यानं वाढला होता. '"नको," मोठी हुंदका देत म्हणाली, पण आता फार उशीर झाला होता.' दोनशे बारा पानांच्या त्या पुस्तकात ती बाई एकदाही रडत नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. भाऊंनी मला सांगितलं होतं, की तिच्या ओट्यावर आठ दिवस वाचलं, पण डोळ्याला पदर लागला नाही. यंत्रानं तिला रडवलं. पुस्तक काढून घेऊ म्हटलं तर करार पाच वर्षांचा.

भाऊ त्यानंतर दुकानात आले, पण कोणाची पापणी त्यांनी ओढली नाही. पुढच्या लेखनासाठी पातूरकडच्या एका कुंभाराशी दोन वर्षांची ओळख झाली होती, बाड तयार होतं. ते घेऊन ते त्याच्या दारात वाचायला गेले नाहीत. "त्याले सांगू काय? की तू नको म्हटलं तं मी कापतो? माहा शब्द आता कोन घेईन?" बाड कुठं गेलं मला माहीत नाही. सून म्हणते, एक दिवस त्यांनी गॅसवर काहीतरी जाळलं, घरभर धूर झाला. उन्हाळा लागायच्या आत भाऊ गेले. तापानं नाही, झोपेतच. मला एक गोष्ट मात्र त्यांच्याबद्दल कळते, ती मी कोणी विचारलं तर ठणकावून सांगतो. भाऊ म्हातारपणानं गेले नाहीत. एका बाईनं त्यांना दारातून 'या' म्हटलं नाही, त्यानं गेले.

तेराव्यानंतर मी भातकुलीची गाडी धरली. मनाशी ठरवून गेलो होतो. सगळं सांगायचं. ती खूण, तो शेरा, सगळं.

दारात उभा राहिलो. काय म्हणावं सुचेना. शेवटी भाऊंसारखंच विचारलं, तापाचं कोणी आहे का. आतून बाई आल्या. मी कोण ते सांगितलं, भाऊ गेल्याचं सांगितलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या.

"तू त्यायचे पुस्तकं टाइप करे?"

"हो, आजी."

"किती वर्सं?"

"वीस."

"मंग तुले मालूम असन," त्या म्हणाल्या. माझ्याकडे रोखून बघत होत्या. "टेसनावर काय झालं होतं ते. त्या मोबाइलचं सोड. खरं काय होतं ते."

"नाही, आजी."

"इचारलं नाही कधी?"

"लय वेळा इचारलं. त्यायनं नाही सांगतलं."

"मरतानीबी नाही?"

"नाही."

बाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. गावातली गिरणी कुठंतरी चालू होती, आता त्यांची नव्हे, दुसऱ्या कोणाची. "वीस वर्सं संगं राहिला त्या पोराले नाही सांगतलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तं मशीनले काहून सांगन तो? नाही सांगतलं त्यानं. म्या पापिनीनं त्याले पानी देऊन धाडलं."

मी त्या दिवशी भाऊंसोबत आलो असतो तर बाईंनी मला हेच विचारलं असतं. मी हेच उत्तर दिलं असतं. आणि भाऊ तिथंच, त्याच उंबऱ्यावर, सुटले असते. त्यासाठी मला यंत्राचं काहीच समजावून सांगायची गरज नव्हती. मला काही माहीत नव्हतं, तेवढंच पुरलं असतं.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. पुस्तकात न रडलेल्या बाई.

"मंग तिथं काही होतं, हे त्या मशीनले कोनं दाखोलं?" त्यांनी विचारलं.

मी जे सांगायला इतक्या दूर आलो होतो, त्याची वेळ आली होती.

"कंपनीनं," मी म्हणालो.

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "ये, आत ये," आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.